कोरड्या दाराचे फेरे

उन्हाळा अर्धा सरला असताना बंधाऱ्याच्या लोखंडी दाराने दारवाल्यांचा उजवा खांदा कायमचा घेतला. त्या सकाळी पाण्याची पाळी होती आणि कालव्याच्या काठावर फावडी घेऊन उभे असलेले लोक हाका मारीत होते. नदीचे पाणी आटून गढूळ झाले होते. त्यातला गाळ दाराच्या पोटाशी बसला होता आणि त्याने दार घट्ट धरले होते. दारवाले अंथरुणातून उठले ते तसेच चाकापाशी आले, दोन्ही हातांनी आरे पकडले आणि होते नव्हते तेवढे बळ एकदम लावले. दार हलले नाही. खांद्यात मात्र ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो काठावरच्या लोकांनीही ऐकला. त्यांच्यापैकी एकाने विचारले, "सुटलं का?"

"सुटलं," असे म्हणून दारवाले खाली बसले.

त्यांना सगळे दारवालेच म्हणत. नवख्या माणसाला त्यात एक उकार जास्तीचा ऐकू येई आणि तो मोठ्या आशेने त्यांच्या घराकडे वळे. मग त्याची निराशा करण्याचे काम त्यांच्या बायकोकडे असे. घर म्हणजे बंधाऱ्याला लागून बांधलेल्या दोन खोल्या. त्या कचेरीच्या होत्या. जो दार सांभाळील त्याने तिथे राहावे, दार सुटले की घरही सुटावे, असा साधा हिशेब होता आणि इतकी वर्षे कोणाला त्याची आठवण करून द्यावी लागली नव्हती.

त्या सकाळी दार उघडले ते त्यांच्या मुलीने. ती शहरातल्या क्रीडा वसतिगृहात राहून गोळा फेकायला शिकली होती, आणि तिच्याहून वीतभर लांब फेकणाऱ्या एकीची निवड झाली म्हणून मागल्या वर्षी घरी परतली होती. परतल्यापासून ती गाळ काढी, वंगण लावी, दाराच्या खाचेत अडकलेल्या काटक्या ओढून काढी. पण चाक बापाचे होते. बाप खाली बसलेला पाहून तिने त्यांना ओलांडले, पाय रोवले, चाक थोडे मागे घेतले, थोडे पुढे घेतले, पुन्हा मागे घेतले, आणि दार सुटल्यावरच पूर्ण जोर लावला. पाणी कालव्यात गेले. फावडी खांद्यावर टाकून लोक आपापल्या शेताकडे पांगले. दारवाल्यांना उठवायला मागे कोणी राहिले नाही. ते काम बायकोने केले.

पुढच्या प्रत्येक पाळीला चाक मुलीनेच फिरवले. दारवाले गळ्यात अडकवलेल्या फडक्यात हात घालून शेजारी उभे राहत आणि सूचना देत. सूचना बरोबर असत, म्हणून त्या अधिकच त्रासदायक वाटत.

"डावा पाय मागे घे."

"घेतलाय, बाबा."

"अजून."

"अजून घेतला तर कालव्यात पडेन."

"पडायचं नाही. पण मागे घे."

मग कचेरीतून साहेब आले. मनुष्य वाईट नव्हता. त्याने दारवाल्यांचा खांदा पाहिला, ओट्यावर बसून पाणी प्याला आणि जे सांगायचे ते चपला काढून नीट सांगितले. दारवाल्यांना आता हे काम देता येणार नाही. जागा एकाच माणसाची आहे. कोणालाही अर्ज करता येईल, मुलीलाही. पण दार कोण उघडतो आहे असे उद्या कोणी विचारले तर कचेरीजवळ उत्तर हवे. म्हणून चाचणी होईल. दार एक अख्खी पाळी बंद ठेवायचे, गाळाला पुरते धरू द्यायचे, आणि मग दाराच्या दांड्यावरच्या तांबड्या खुणेपर्यंत जो ते लवकर उचलील त्याला जागा.

"आणि खोल्या?" दारवाल्यांच्या बायकोने विचारले.

साहेबाने चपला पायांत घातल्या. "खोल्या जागेबरोबर जातात, ताई."

हे ऐकून ती आत गेली आणि थोड्या वेळाने चुना कालवून बाहेर आली. भिंतीचा एक कोपरा कित्येक दिवस उडाला होता. तो तिने त्याच संध्याकाळी पांढरा करून घेतला. शेजारणीने विचारले, "आता कशाला गं? राहणार की जाणार ते तरी ठरू दे." तेव्हा ती म्हणाली, "ठरलेलं असतं तर एवढा चुना लावला नसता. दाखवायला लावलाय."

चार-पाच जणांनी जागेची इच्छा धरली. साहेबाने त्यांना चाकाला हात लावून पाहू दिले. त्यानंतर दोघेच उरले. दुसरा होता धान्याच्या गोदामातला हमाल. त्याला सगळे डोंगर म्हणत. तो पोत्यावर पोते घेऊन फळीवरून चालत जाई, तेव्हा फळी त्याला घाबरून वाकते असे लोक म्हणत. स्वभावाने तो गरीब होता आणि पाठीने थकत चालला होता; त्यालाही छपराखालची, पाण्याजवळची, पोती नसलेली जागा हवी होती. यात त्याचे काही चुकत होते असे दारवाल्यांच्या घरातही कोणी म्हटले नाही.

काठावरची माणसे मात्र बोलत. पुलाजवळ भाजीचा मळा असलेला एकजण होता. त्याची जीभ त्याच्या मिरच्यांहून तिखट होती. मुलगी खाली खाचेतला गाळ उपसत असताना तो वरून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई दारावर आली की पाळी चुकणार, लिहून ठेवा."

लोक हसले. मुलीच्या हातातले घमेले क्षणभर थांबले. तिच्या मानेवर गाळ होता, म्हणून तिचा रंग बदलला की नाही हे कोणाला दिसले नाही. आई काठावर वंगणाचा डबा घेऊन बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "मळेवाले, मागल्या खेपेला पहाटेची पाळी कोणाची होती?"

"माझी. का?"

"तुम्ही घोरत होतात. दार वाजवून उठवलं कोणी?"

मळेवाला टोपी नीट करू लागला.

"हिनं. तेव्हा हिची नाही, तुमची चुकत होती. आता घरी जाऊन मोजा."

या वेळचे हसणे अधिक मोठे होते. मुलीने घमेले भरून वर दिले.

चाचणीआधीचे दिवस कामात गेले. दार बंद असल्याने चाकाचे काम नव्हते, पण कालवा कोरडा पडला की त्याची कामे बाहेर येतात. मायलेकी भेगा बुजवीत, गवत उपटीत, कडेचे ढासळलेले दगड पुन्हा बसवीत. उन्हाने दगड इतके तापत की त्यांना हात लावण्याआधी फडके भिजवून घ्यावे लागे. मुलगी सकाळी जड दगड उचली, दुपारनंतर हलके. चाचणी जवळ आली तशी तिने जड दगड आईला न सांगता बाजूला ठेवायला सुरुवात केली. दारवाल्यांच्या ते लक्षात आले आणि त्यांना ते आवडले.

"शहाणी आहेस. आता अंग राख," ते म्हणाले.

चाचणीच्या आदल्या दिवशी ऊन उतरताच तिघे जेवायला बसली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवसाचा क्रम लावून दिला. उशिरा उठायचे. पोटभर खायचे. खाटेवरून उतरायचे नाही. पाणीसुद्धा आईने हातात द्यायचे. साहेब दुपारी येतील तेव्हा सरळ चाकापाशी जायचे आणि साठवलेले सगळे बळ एकदम लावायचे.

मुलगी घास गिळून म्हणाली, "मला सकाळी चाकाचे थोडे फेरे हवेत, बाबा."

"कशाला?"

"अंग जागं करायला. हलकेच, पण झटक्यानं. थोडेसेच. मग दुपारपर्यंत बसून राहीन."

"चाचणीच्या दिवशी?"

"चाचणीच्याच दिवशी. आमच्या बाई स्पर्धेच्या सकाळी आम्हाला हलकं वजन उचलायला लावायच्या. दमायचं नाही, घाम फुटायच्या आत थांबायचं. दुपारी गोळा हातातून सुटायचा तो वेगळाच सुटायचा."

दारवाल्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. वादाला बसताना ते नेहमी हात मोकळे करीत. आता एकच मोकळा होता, पण सवय राहिली होती.

"हे बघ. वर पाणी साठलंय. त्यातलं सकाळी सोडलं, तर दुपारी जास्त उरेल की कमी?"

"कमी."

"मग अंगातलं बळ सकाळी खर्चलं तर दुपारी वाढेल कसं? तुझ्या बाईंनी शिकवलं असेल, पण वजाबाकी त्यांच्याही आधीपासून आहे."

आई म्हणाली, "पटतंय बाई मला."

"अंग म्हणजे साठलेलं पाणी नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "अंग म्हणजे दार आहे."

"म्हणजे?"

"दार बंद राहिलं की काय होतं?"

उत्तर घरातल्या भिंतींनाही ठाऊक होते.

"गाळ धरतो," तिनेच सांगितले. "म्हणून तुम्ही पाळी नसतानाही मधूनमधून दार बोटभर हलवून ठेवता. त्यानं काही दाराचं बळ कमी होत नाही. पाळीच्या वेळी ते पटकन सुटतं."

"दार लोखंडाचं आहे. ते दमत नाही. माणूस दमतो."

"दमेपर्यंत करायचंच नाही."

"आणि कुठे थांबायचं हे कळलं नाही म्हणजे?"

हा प्रश्न खरा होता. वसतिगृहात पहिल्याच वर्षी तिने अशा एका सकाळी हौसेने जास्त उचलले होते आणि दुपारी गोळा तिच्या पायांपुढे पडला होता. तिने ते लपवले नाही. "एकदा नव्हतं कळलं. मग कळायला लागलं. अजून करावंसं वाटत असतानाच सोडायचं."

"एकदा नव्हतं कळलं," दारवाल्यांनी तेवढेच उचलले. "उद्या दुसरी वेळ नको. शिवाय पाळी नसताना चाक फिरणार नाही. दार धरलेलं राहिलं पाहिजे. साहेबांना शब्द दिलाय."

आई ताटे उचलत म्हणाली, "अहो, तुम्ही त्या दिवशी अंथरुणातून उठून सरळ चाकावर गेलात. त्या आधी रात्रभर अंग राखलंच होतंत ना?"

हे बोलायला नको होते, असे तिच्याही लक्षात लगेच आले. दारवाल्यांनी गळ्यातले फडके नीट केले. मग ते म्हणाले, "आपल्याकडे अंग राखून काम करणाऱ्याला कामचुकार म्हणतात आणि कामाआधी अंग राखणाऱ्याला शहाणा म्हणतात. शब्द एकच आहे, म्हणून अर्थ एक होत नाही," आणि उठून हात धुतला. वाद त्यांनी जिंकला असे त्यांना वाटले नाही. म्हणून झोपेपर्यंत त्यांनी त्याला आणखी तीन उत्तरे तयार केली.

सकाळी खाट रिकामी होती.

मुख्य कालव्याला थोड्या अंतरावर एक फाटा फुटत असे. त्याच्या खालची शेते कधीच ओसाड झाली होती आणि फाट्यात पाण्याऐवजी बाभळी उगवल्या होत्या. पण त्याच्या तोंडाशी दार होते, दारावर चाक होते, आणि ते चाक गंजू नये म्हणून दारवाले दरवर्षी त्याला वंगण देत. का देता असे विचारले तर म्हणत, "दार आहे म्हणून." हे कोरडे दार मोठ्या दाराच्या निम्म्या वजनाचे होते. त्याने कोणाचे पाणी अडत नव्हते आणि सुटतही नव्हते.

मुलगी तिथे होती. दारवाले पोचले तेव्हा तिने नुकतेच हात लावले होते. पाय रोवून तिने एक झटका दिला, चाक गरकन थोडे फिरले, तिने सोडले. हात झटकले. इकडून तिकडे चालत गेली, परत आली. पुन्हा एक झटका. ती जोर लावताना दिसतच नव्हती. आरा हातात येताच कमरेतून काहीतरी सुटून खांद्यात जाई आणि चाक फिरून जाई. दार वर आले की ती ते उलटे फिरवून सावकाश खाली घेई.

फाट्याच्या काठावरून मळेवाला टोपली घेऊन चालला होता. तो थांबला.

"काय दारवाले, कोरड्या कालव्याला पाणी सोडलं का आज? बाभळींची पाळी आहे वाटतं!"

दारवाल्यांनी मुलीला थांबवायला तोंड उघडले होते. ते त्यांनी मळेवाल्याकडे वळवले. "बाभळी वेळेवर उठतात," ते म्हणाले.

मळेवाला हसत गेला; ही बातमी तो आता पुलापर्यंत पेरीत नेणार हे उघड होते. दारवाले मुलीकडे वळले, तेव्हा तिने चाकावरून हात काढले होते.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"एवढंच?"

"अजून करावंसं वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून झालं."

तिच्या कपाळावर घाम नव्हता. गाल मात्र तापले होते आणि ती टाचा न टेकवता उभी होती, जशी लहानपणी कोणी पळायची शर्यत लावली की उभी राही. दारवाल्यांनी तयार केलेली तिन्ही उत्तरे आठवून पाहिली. त्यांतले एकही या उभे राहण्याला लागू पडत नव्हते. ते म्हणाले, "चाक पुसून ये," आणि पुढे चालू लागले.

दुपारी काठावर माणसे जमली. पुलापर्यंत पेरलेली बातमी उगवली होती. पोरीने सकाळीच दम घालवला, बाभळींना पाणी पाजले, आता दाराला काय पाजणार, अशी चर्चा चालू होती. डोंगर आदल्या संध्याकाळपासून झोपून होता. त्याच्या बायकोने त्याचे अंग रगडून दिले होते, त्याला भरपूर जेवू घातले होते आणि तो तसाच उठून आला होता. साहेबाने चिठ्ठ्या टाकल्या. पहिली डोंगराची निघाली.

त्याने चाक धरले आणि जोर लावला. काही झाले नाही. त्याने पुन्हा लावला. मानेच्या शिरा दोरीसारख्या उठल्या. काठावर कोणी श्वास घेत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या खेपेला दाराखालून घरघर आली, गाळ फुटला आणि दार सुटले. मग मात्र त्याने ते थांबत थांबत, पण नेटाने, तांबड्या खुणेपर्यंत आणले. पाणी गाळाने काळे होऊन कालव्यात उसळले. लोकांनी आरोळी दिली. साहेबाने घड्याळात पाहिले आणि दार खाली घ्यायला सांगितले.

"आता तू ये," तो मुलीला म्हणाला.

ती निघाली. तिच्या आईने पदर खोचला. काठावरच्या एकाही माणसाला या क्षणात काही वावगे दिसले नाही, डोंगरालाही नाही. तो दम खात बसला होता. वावगे दिसले ते एकट्या दारवाल्यांना, आणि ते त्यांना गिळता येईना.

"थांबा, साहेब," ते म्हणाले. "हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"यानं धरलेलं दार सोडवलं. आता गाळ वाहून गेलाय. हिला सुटलेलं दार मिळेल. सुटलेलं दार कोणीही उचलील."

आई पुढे आली. "अहो, चिठ्ठी तिची दुसरी निघाली. त्यात तिचा काय दोष?"

"दोष नाही. पण चाचणी धरलेल्या दाराची आहे."

साहेब गोंधळला. "मग काय करू म्हणता?"

"गाळ आणून दाराच्या पोटाशी ओता. जेवढा होता तेवढा. संध्याकाळपर्यंत बसू द्या. मग उचलू द्या हिला."

काठावर कुजबुज झाली. आईने दारवाल्यांकडे असे पाहिले की दुसरा कोणी असता तर पाण्यात उतरला असता. "पोरीच्या दारात गाळ ओतणारा बाप आजच पाहिला मी," ती म्हणाली. "खोल्यांचं तरी बघा. सामान काय तुमच्या फडक्यात बांधून नेऊ?"

"आज सुटलेल्या दारावर जिंकली, तर उद्या ह्याच माणसांना पाणी देताना प्रत्येकजण ते ऐकवील," दारवाले म्हणाले. "रोज ऐकवील."

सगळ्यांनी मुलीकडे पाहिले. तिने डोळ्यांवर हात धरून सूर्य कुठवर आला ते पाहिले. सकाळी जे अंगात जागे केले ते दुपारसाठी होते. संध्याकाळपर्यंत ते राहते असे बाई म्हणत. तिने स्वतः इतका वेळ कधी लोटून पाहिला नव्हता.

"ओता," ती म्हणाली.

घमेली आणली गेली. आधी दारवाल्यांनीच डाव्या हाताने एक उचलून नेले आणि ओतले. मग लोक लाजून कामाला लागले. डोंगर उठला आणि त्याने सर्वांपेक्षा जास्त गाळ वाहिला, कारण वाहणे त्याला येत होते. गाळ दाराच्या पोटाशी चढत गेला, तेव्हा दारवाले वाकून काठीने त्याची उंची पाहत होते आणि "अजून थोडा" म्हणत होते. मळेवाला म्हणाला, "दारवाले, बाप आहात की सावत्र?" त्यावर त्यांनी त्याच्याही हातात घमेले दिले.

दुपार सावकाश गेली. मुलगी भिंतीच्या सावलीत पाठ टेकून बसली. दारवाले बराच वेळ तिच्याभोवती घुटमळले आणि मग, चाकाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी तिला विचारले, "आता काय करायचं?"

"काही नाही."

"पुन्हा त्या फाट्यावर जायचं का? मी चाक पुसून आलो असतो."

"नको. दुसऱ्यांदा केलं तर दमेन. सकाळचं आहे अजून."

"कुठे आहे?"

तिने मांडीवर थाप मारली. "इथे. बसवत नाहीये."

दारवाल्यांनी मान हलवली. त्यांना पटले होते असे म्हणता येणार नाही. पण चौकशी केल्यावर मिळालेले उत्तर मान्य करायचे असते, एवढी शिस्त त्यांच्यात होती. ते तिच्या आणि उन्हाच्या मध्ये उभे राहिले, आणि ऊन सरकले तसे सरकत राहिले.

सावल्या लांबल्यावर त्यांनी पुन्हा काठी घातली. ती गाळात रुतून उभी राहिली. "धरलंय," ते साहेबाला म्हणाले. त्यांच्या आवाजात या शब्दाला असतो तेवढाच अर्थ होता.

मुलगी उठली. तिने मनगटे फिरवली, गुडघे दोन-तीनदा वाकवले, आणि चाकापाशी जाऊन आरे पकडले. डावा पाय मागे घेतला. दारवाल्यांच्या ओठांवर "अजून" आला आणि तिथेच राहिला.

पहिला झटका तिने दिला तेव्हा आवाज झाला नाही. दांडा फक्त थरारला. तिने लगेच सैल सोडले. दुसरा झटका त्या सैल सोडण्यातूनच उठला, पायाच्या अंगठ्यापासून निघून कमरेतून खांद्यात गेला, आणि तिच्या तोंडून गोळा फेकताना निघतो तसा एक छोटा, तुटका हुंकार निघाला. खाली गाळ फाटला. जाड कापड फाडल्यासारखा तो आवाज काठभर ऐकू गेला. मग चाक थांबलेच नाही. एक हात दुसऱ्यावर पडत होता, आरे येत होते आणि जात होते, दांड्याच्या वंगणावर संध्याकाळचे ऊन चकाकत वर चढत होते. मध्यावर तिचा श्वास फुटला, तोंड उघडले, दंड थरथरू लागले. तिथेच डोंगर थांबला होता. ती थांबली नाही. ती तेवढी मोठी नव्हती आणि तिला ते माहीत होते. थांबली तर पुन्हा सुरू करणे तिला परवडले नसते. तांबडी खूण भिंतीच्या वर आली तेव्हा तिने कपाळ चाकावर टेकले आणि तशीच उभी राहिली.

साहेबाने घड्याळात पाहिले. मग खात्री करायला पुन्हा पाहिले. काठावरच्यांना घड्याळाची गरज नव्हती. डोंगराने बसल्या जागेवरूनच निकाल दिला.

"लवकर आली," तो म्हणाला. "पुष्कळ लवकर." आणि उठून धूळ झटकत मुलीजवळ आला. "ताई, मी काल संध्याकाळपासून अंग राखत होतो. राखता राखता ते झोपीच गेलं. दार सुटलं तेव्हा कुठे जागं झालं माझं."

"उद्या पोती उचलायच्या आधी रिकामी फळी एकदा चालून बघ, दादा," ती धापा टाकत म्हणाली. "आणि पहिलं पोतं हलकं घे."

"हलकं पोतं? गोदामात?" डोंगर हसला. त्याच्या हसण्यात दुःख होते, पण राग नव्हता. "मी हलक्या पोत्याला हात घातला, तर मालक मला कामचुकार म्हणेल."

"आमच्याकडेही म्हणत होते," दारवाले म्हणाले.

साहेबाने मुलीला उद्या कचेरीत यायला सांगितले. तिने मान वर केली. "उद्या जमेल की नाही बघते, साहेब. दार उघडं आहे. पाणी सुटलंय. आजपासूनच पाळी लावून टाकू. नाहीतर हे वाया जाईल." साहेबाने मळेवाल्याकडे पाहिले, मळेवाल्याने कालव्याकडे पाहिले, आणि मग टोपली तिथेच टाकून तो फावडे आणायला धावला. त्याच्यामागे इतर धावले. काठ रिकामा झाला.

आई घराकडे गेली. चुलीचा धूर वर आला. मुलीने तांबड्या खुणेवरून दार थोडे खाली घेतले, पाण्याच्या आवाजाकडे कान दिला, आणखी किंचित खाली घेतले. दारवाल्यांना आवाज बरोबर वाटला. तरी त्यांनी चाकाच्या दुसऱ्या बाजूला नेहमीची जागा घेतली, आणि डावा हात नकळत आऱ्यावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

"पाणी सुटलंय. मी थांबतो."

"दाराशी एकानंच थांबायचं असतं."

हा नियम त्यांचाच होता. बायको पूर्वी कधी सोबतीला आली, तर ते तिला ह्याच शब्दांत परत पाठवीत. दोन माणसे असली की दोघेही दुसऱ्याच्या भरवशावर राहतात, असे त्यांचे म्हणणे असे. त्यांनी या नियमात काही खोट आहे का ते क्षणभर शोधून पाहिले. नव्हती. त्यांनी आऱ्यावरचा हात काढला, तो धोतराला पुसला आणि भिंतीवरून उतरून चालू लागले. मागे पाणी चालू होते. पाणी सुटलेले असताना त्याच्याकडे पाठ करून घरी जाण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून पहिली काही पावले त्यांची अडखळत पडली; पुढची नीट पडली.